बायनाबाईचा अंगठा

“ह्यो अंगठा माझा हाय,” म्हातारीने झेरॉक्सचे कागद टेबलावर आपटले. “पन मी अंगठा देत न्हाई.”

परभणीच्या बसस्थानकासमोर, टायपिंग क्लासच्या वरच्या मजल्यावर सुकेशनी वाव्हळेची दीड खोलीची कचेरी आहे. दारावर ‘खासगी तपास’ अशी पाटी. येणारी बहुतेक गिऱ्हाइकं होणाऱ्या जावयाची नोकरी खरी की खोटी, एवढंच विचारायला येतात. स्वतःचाच अंगठा नाकारायला आजवर कुणी आलं नव्हतं.

सुकेशनीने कागद उचलले नाहीत. आधी म्हातारीला नीट पाहून घेतलं. पासष्टीची बाई, हिरवं लुगडं, हातभर गोंदण, नाकावर नवाकोरा तपकिरी चष्मा आणि त्याच्यामागे भांडायला निघालेले डोळे.

“बसा आजी. नाव काय?”

“लिहून दावते.”

टेबलावरचं पेन तिने स्वतःच घेतलं आणि वर्तमानपत्राच्या कडेला लिहायला लागली. दोन-तीन मिनिटं तिचं लिहिणंच चाललं. ‘बायनाबाई सटवाजी देवकते.’ अक्षरं मोठी होती, पण ओळ तिफणीने पेरल्यासारखी सरळ.

“मालकाचं नाव तोंडानं घेत न्हाई मी,” ती म्हणाली. “लिहायला कशाची आडकाठी? सुनेनं शिकवलं, भक्तीनं. अकरा वर्सं झाली. तवापसनं बँकेत न्हाई, रेशनला न्हाई, कुठल्याच कागदावर अंगठा न्हाई. मशिनीवर बोट ठिवायचं तेवढं ठिवते.”

कोपऱ्यात बसलेल्या जीवनमामाने कौतुकाने मान हलवली. जीवनमामा जिंतूर आगारातून निवृत्त झालेला कंडक्टर. तीस वर्षं तिकिटं फाडल्यावर घरी बसवेना म्हणून तो सुकेशनीच्या कचेरीत येऊन बसू लागला आणि हळूहळू तिचा मदतनीस झाला. माणूस भला. डोकं मात्र साध्या गाडीचं, प्रत्येक थांब्यावर थांबत जायचं.

बायनाबाईने सगळं सांगितलं ते असं. तिचं गाव बोरटाकळी, करंजपेठ शहराला अगदी चिकटलेलं. गावाचं बेचाळीस एकर गायरान आहे. देवकत्यांची आणि आणखी वीस घरांची मेंढरं त्याच्यावर जगतात. करंजपेठ नगरपरिषदेने हद्दवाढ काढली आणि नवी वसाहत बांधायला ते गायरान शहरात घ्यायचं ठरवलं. गावाने हरकत घेतली. अर्जावर एकशे त्रेचाळीस सह्या झाल्या. मग महिन्याभराने जिल्ह्याच्या कचेरीत दुसराच अर्ज निघाला: हरकत आम्ही स्वखुशीने मागे घेत आहोत. त्याच्याखाली एकशे अठरा सह्या आणि अंगठे.

“सह्या खोट्या असतील,” जीवनमामा म्हणाला.

“तेच तर दुखनं हाय! प्रत्येक जन आपली सही वळखायलाय. माझ्या अंगठ्यावर विळ्याची खूण हाय, ही बगा. कागदावरबी हाय. आन गावात काय म्हनायलेत ठावं हाय? म्हाताऱ्यांनी गाव विकलं म्हनायलेत. माझी सून माझ्याशी धड बोलंना.”

“सुनेची सही आहे या दुसऱ्या अर्जावर?”

“न्हाई. पयल्यावर व्हती. ह्याच्यावर एकाबी सुनंची न्हाई.”

“सुनावणी कधी?”

“उद्या. बारा वाजता.” बायनाबाईने चष्मा वर ढकलला. “घरं बांधायची तर बांधा म्हनावं. गरिबाला घर नगं असं मी म्हनत न्हाई. पन आमच्या रानात बांधायचं तर आमाला इचारा. इचारलं न्हाई ते न्हाईच, वरून आमच्याच हातानं आमचं तोंड बांधलं.”

सुकेशनीने आता कागद घेतले. पहिल्या पानावर टाइप केलेला अर्ज. पुढची चार पानं नुसत्या सह्यांची, हाताने रेघा मारलेली. अनुक्रमांक, नाव, सही, आणि प्रत्येक सहीपुढे एक बारीक अक्षर. बायनाबाईच्या अंगठ्यापुढे लिहिलं होतं: ‘डा॰’.

“डाव्या हाताचा अंगठा,” जीवनमामाने लगेच सांगितलं. “सरकारी कागदावर अशीच निशाणी लिहितात.”

“आणि हे ‘उ॰’?”

“उपस्थित.”

“आणि ‘दो॰’?”

जीवनमामा जरा अडखळला. “दोघं. नवरा-बायको दोघांची संमती.”

“मामा, हे बघा. चौदा नंबर, दिनकरराव. यांनी सही केलीय, अंगठा नाही दिला. तरी पुढे ‘डा॰’ आहे.”

“चुकून लिहिलं असंल.”

“असेल,” सुकेशनी म्हणाली आणि कागद पर्समध्ये टाकले. “चला, बोरटाकळीला जाऊ. आजी, तुम्ही स्कूटरवर मध्ये बसाल का?”

“मी मेंढरू घिऊन फटफटीवर बसलेय,” बायनाबाई म्हणाली.

•

गायरानाच्या कडेला बाभळीखाली सटवाजी उभा होता. खांद्यावर घोंगडी, हातात काठी आणि डोळ्यांवर बाजूने बंद असलेला काळा चष्मा. पलीकडे शहराच्या पाण्याची टाकी दिसत होती. मेंढरं तिच्याकडे पाठ करून चरत होती.

“डोळ्याला काय झालं, बाबा?” सुकेशनीने विचारलं.

“मोतीबिंदू काढला आठ दिसाखाली. डावा. उजवा चांगला हाय.”

“गेल्या दोन महिन्यांत तुम्ही कुठे कुठे सह्या केल्या, आठवतं का?”

सटवाजी हसला. “बाई, सह्यांचाच जमाना हाय. पीकइम्याला केली. मेंढरांच्या लसीला केली. सप्त्याच्या वर्गणीला, डोळ्याच्या शिबिराला, हरकतीला. मी पैला अंगठा दिऊन मोकळा व्हायचो. हिनं मलाबी सही शिकवली, आता येळ लय जातो.”

“मग या कागदावर तुमचा अंगठा कसा?”

सटवाजीने बायकोकडे पाहिलं. बायनाबाई मेंढरांकडे बघत होती. “आसंल कवातरी दिलेला,” तो पुटपुटला.

जीवनमामाने सुकेशनीला बाजूला घेतलं. “ताई, म्हातारा काहीतरी लपवायलाय.”

“दोघंही लपवतायत,” सुकेशनी म्हणाली.

•

दिनकरराव गुरुजींचं घर शाळेला लागून होतं. शाळेच्या भिंतीवर त्यांनीच रंगवलेलं अजून वाचता येत होतं: ‘वाचल्याशिवाय सही करू नका.’ गावच्या हरकतीचा अर्ज त्यांनीच लिहिला होता आणि त्याची स्थळप्रत त्यांनी बाहेर आणून दाखवली. सगळं पान मोत्यासारखं. शेवटी सही, रेघेवर नीट बसलेली.

सुकेशनीने शेजारी माघारीचं पान ठेवलं. तिथे तीच सही होती, पण रेघ सोडून उतरणीला लागलेली. शेवटचं अक्षर खालच्या माणसाच्या रकान्यात गेलं होतं.

“ही सही तुमचीच ना, गुरुजी?”

“माझीच.”

“मग अशी का?”

गुरुजींचा चेहरा लाल झाला. “घाईत केली असेल.”

“कशावर?”

“मला काय माहीत कशावर! चाळीस वर्षं मी या गावाला अक्षर शिकवलं. तुम्ही माझी उलटतपासणी घेणार का?” त्यांनी अर्ज घडी करून आत नेला आणि दार लोटून घेतलं.

“हाच,” जीवनमामा पायऱ्या उतरता उतरता म्हणाला. “अर्ज लिहिणाराही हाच आणि माघार घेणाराही हाच. नाहीतर एवढा राग कशाला?”

“राग नव्हता तो, मामा.”

“मग काय होतं?”

सुकेशनी शाळेच्या भिंतीवरचं वाक्य पुन्हा वाचत होती.

•

रंगनाथ वाड्यावरच्या पत्र्याखाली कापसाच्या गाठोड्यांजवळ बसला होता. गावात हद्दवाढीच्या बाजूचा तो एकटा, आणि ते लपवण्याची त्याला गरजही वाटत नव्हती.

“मला पायजे हद्दवाढ,” तो म्हणाला. “माझं रान नव्या रस्त्याला लागतंय. भाव येईल. तोंडावर सांगतो, मागून न्हाई. ह्या मेंढराच्या पायी गाव किती दिस अंधारात ठिवायचं?”

“तुमची सही आहे या माघारीवर. सत्तेचाळीस नंबर.”

“दाखवा.” त्याने कागद हातभर लांब धरला, उजवा डोळा मिटला आणि डाव्याने पाहिलं. “हाय की माझी. पन बाई, मी हरकत घेतलीच न्हाई, तर माघार कशाची घिऊ?”

तिथून निघाल्यावर जीवनमामा या वाक्यावर खूप वेळ बोलत होता. त्याचं म्हणणं असं, की रंगनाथ अतिशहाणा आहे, स्वतःची सही मुद्दाम घालून त्याने संशय झटकला. सुकेशनी फक्त एवढंच म्हणाली, “तो आज आपल्याशी सगळ्यात खरं बोललेला माणूस आहे. त्याचा उजवा डोळा बघितलात?”

“बघितला. मिटला होता.”

“हं,” सुकेशनी म्हणाली.

•

शेवटी शिवशंकर. वय बत्तीस, हद्दवाढविरोधी समितीचा सगळ्यात धावपळ्या कार्यकर्ता. घराच्या ओसरीत त्याचं ऑनलाइन सेवा केंद्र होतं. छताला दरपत्रक टांगलेलं, हाताने रंगवलेलं: ‘झेरॉक्स ३ रु॰’. कोपऱ्यात आणखी एक नवी पाटी भिंतीकडे तोंड करून उभी होती. जीवनमामाला वाचायची खोड. त्याने ती फिरवली. ‘शिवशंकर डिजिटल सेवा, गाळा नं॰ १.’

“छान रंगवलीय,” तो म्हणाला.

“आपलाच हात हाय, काका. पेंटरला कशाला पैसे द्यायचे?” शिवशंकरने पाटी परत फिरवून ठेवली आणि पाण्याचा तांब्या पुढे केला. “ताई, तुमी आलात लय बरं झालं. त्या माघारीवर पयली सही माझी हाय. म्हनजे बगा, मलाबी गुंडाळलं कुनीतरी. समितीचा मानूस मी, आन माझीच सही!”

“गावात तुमचं फार कौतुक ऐकलं,” सुकेशनी म्हणाली. “डोळ्यांचं शिबिर तुम्ही आणलंत म्हणे.”

शिवशंकरचा चेहरा खुलला. “चाळीस गावात असं शिबिर झालं न्हाई. परभणीहून डॉक्टर आले, फुकट तपासनी, फुकट चष्मे. म्हातारी मानसं भ्यायली, डोळ्यात औषध टाकतेत म्हनून. मग मीच आदी बसलो. म्हनलं, टाका माझ्या डोळ्यात. तवा सगळे तयार झाले.”

“औषधाने त्रास होतो का हो? माझ्या आईला तपासायचंय.”

“तरास न्हाई, पन चार तास जवळचं काई दिसत न्हाई. मला मोबाइलवरचा नंबर दिसंना. दिवेलागनीला कुठं नजर आली.”

“आणि शिबिराचे कागद?”

“डॉक्टर घिऊन गेले सगळे.” हे तो जरा पटकन म्हणाला.

सुकेशनीने पाणी प्यायलं, आभार मानले आणि उठली.

स्कूटरला किक मारताना जीवनमामा हळहळला. “एक तरी चांगला माणूस भेटला गावात. आता तुम्हीच सांगा, कोण? गुरुजी की रंगनाथ?”

“मामा, तुम्ही तीस वर्षं तिकिटं फाडली. तिकिटावर पंच कुठे मारायचा ते कशावरून ठरायचं?”

“कुठं चढला आणि कुठं उतरणार, त्याच्यावरून.”

“म्हणजे पंच बघून माणूस कुठून कुठे गेला ते कळायचं. या कागदावरही तसे पंच आहेत. आपण ते चुकीच्या मार्गाचे समजून वाचतोय.”

जीवनमामाने परभणी येईपर्यंत विचार केला आणि मग विचारायचं राहून गेलं.

•

दुसऱ्या दिवशी सुनावणीच्या दालनात बसायला जागा नव्हती. बोरटाकळीची माणसं दोन टोळ्यांनी उभी होती, एकीकडे म्हातारी, दुसरीकडे पोरं आणि सुना. मध्ये दोन हातांची मोकळी फरशी. भक्ती सासूकडे बघत नव्हती. शिवशंकर पुढच्या खुर्चीवर समितीचा बिल्ला लावून बसला होता.

सुनावणी अधिकारी माणूस सरळ, पण कंटाळलेला होता. सकाळपासून त्याने सात गावं ऐकली होती.

“हरकत मागे घेतल्याचा अर्ज आमच्याकडे आहे,” तो म्हणाला. “सह्या तुमच्याच आहेत असं तुम्हीच म्हणता. मग आता माझ्यापुढे हरकत उरतेच कुठे?”

सुकेशनी उभी राहिली. “साहेब, सह्या खऱ्या आहेत. खाली लावलेली चारही पानं खरी आहेत. फक्त ती या अर्जाची नाहीत.”

दालनात कुजबुज झाली.

“सत्तेचाळीस नंबरला रंगनाथरावांची सही आहे. त्यांनी हरकत कधी घेतलीच नव्हती. ते हद्दवाढीच्या बाजूचे आहेत आणि तसं उघड सांगतात. न घेतलेली हरकत माणूस मागे घेत नाही. म्हणजे त्यांच्यापुढे ही पानं आली तेव्हा ती माघारीची नव्हती, दुसऱ्याच कशाची तरी होती. कशाची? गावात दोन महिन्यांत बऱ्याच सह्या झाल्या. पीकविमा ज्याचा त्याने केंद्रावर जाऊन भरला, त्याची अशी एकत्र यादी नसते. मेंढरांची लस फक्त मेंढपाळांची, पण इथे गुरुजीही आहेत. सप्त्याची वर्गणी घरटी एकाची, इथे नवरा-बायको दोघांच्या सह्या आहेत. आणि या सगळ्या यादीत गावातली एकही सून नाही, एकही तरुण पोरगा नाही. फक्त एक सोडून. चाळिशीच्या पुढच्या माणसांनाच कुठे बोलावतात?”

 म्हाताऱ्यांच्या बाजूचे नवे तपकिरी चष्मे एकमेकांकडे वळले. जवळपास सगळ्यांच्या नाकावर एकसारखेच होते.

“प्रत्येक सहीपुढे एक अक्षर आहे. डा॰, उ॰, दो॰. सरकारी कागदावर ‘डा’ दिसलं की आपण सगळे डाव्या हाताचा अंगठा असंच वाचतो. मीही वाचलं. पण गुरुजींनी अंगठा दिलेला नाही, सही केलीय, आणि तरी पुढे ‘डा॰’ आहे. सटवाजीबाबांच्या पुढे ‘डा॰’ आहे. त्यांचा मोतीबिंदू काढला तो डाव्या डोळ्याचा. रंगनाथरावांच्या पुढे ‘उ॰’. काल त्यांनी कागद बघायला उजवा डोळा मिटून घेतला, कारण त्याने त्यांना दिसत नाही. साहेब, हे हात नाहीत. हे डोळे आहेत. डावा, उजवा, दोन्ही. ही डोळ्यांच्या शिबिराची चष्म्याची यादी आहे.”

जीवनमामाने स्वतःच्या कपाळावर हात मारला. तो आवाज सगळ्या दालनात ऐकू गेला.

“शिबिरात आधी डोळ्यात औषध टाकलं. त्यानंतर चार तास जवळचं दिसत नाही. आणि त्याच चार तासांत ‘चष्म्याच्या पावतीवर सही करा’ म्हणून ही पानं पुढे आली. म्हणून मोत्यासारखं अक्षर असणारे गुरुजी रेघेवरून घसरले. म्हणून ज्यांना सही येते त्यांनीही अंगठे दिले. पानावर वर काय लिहिलंय ते कुणाला दिसलं नाही, कारण वर काही लिहिलेलंच नव्हतं. सह्या परत काही मिळणार नव्हत्या, म्हणून ती बारीक अक्षरं तशीच राहिली. आणि ज्याने पानं लावली त्याला खात्री होती, की ‘डा’ कुणीही अंगठाच वाचणार.”

अधिकारी आता ताठ बसला होता. “हा तुमचा तर्क झाला. शिबिरात अशा सह्या घेतल्या, हे सांगणारं कुणी आहे?”

सुकेशनीने म्हाताऱ्यांच्या बाजूला पाहिलं. “आहे. पण ते मी सांगून उपयोग नाही.”

 गुरुजींनी मान खाली घातली. ज्यांनी गावाला वाचल्याशिवाय सही करू नका म्हणून शिकवलं, त्यांना आंधळेपणाने सही केली हे उभ्या गावात सांगायचं होतं, आणि त्यांचे पाय उठत नव्हते. एकशे अठरा माणसांना जे आठवत होतं ते एकशे अठरा माणसं लाजेने गिळून बसली होती.

बायनाबाई उठली. ती मोकळ्या फरशीवर येऊन उभी राहिली आणि अधिकाऱ्याकडे न बघता सुनेकडे बघून बोलली.

“दिला मी अंगठा. भक्ते, ऐक. डोळ्यात औषध व्हतं, रेघ दिसंना. म्या पेन मागितलं तर म्हनला, आजी, मागं लाइन लागलीय, अंगठा द्या लवकर, निस्ती चष्म्याची पावती हाय. मागं लोक हसायलेते. म्या दिला. तुला सांगायची लाज वाटली. अकरा वर्सं मिरवलं आन एका चष्म्यापायी अंगठा दिला. पन गाव न्हाई इकलं म्या. चष्मा घेतला, गाव न्हाई इकलं.”

भक्ती रडायला लागली. ती फरशी ओलांडून आली आणि सासूचा हात धरून उभी राहिली.

“मीही सही केली,” गुरुजी मागून म्हणाले.  “न वाचता केली. चुकलो.” मग सटवाजी बोलला, मग रंगनाथही. “खरं ते खरं,” रंगनाथ म्हणाला. “मला हद्दवाढ पायजे, पन अशी न्हाई.”

“‘अंगठा द्या’ असं कोण म्हणालं?” अधिकाऱ्याने विचारलं.

बायनाबाईने नुसतं बोट दाखवलं.

शिवशंकर उभा राहिला होता. “यादी मी केली, कबूल. पन कागद डॉक्टर घिऊन गेले. मधी कुनी काय केलं मला काय ठावं? मीबी फसलो की! पयली सही माझीच हाय, माझ्याबी डोळ्यात औषध व्हतं!”

“तीच सही तर सांगतेय,” सुकेशनी म्हणाली. “काल तुम्ही म्हणालात, औषधाने तुम्हाला मोबाइलवरचा नंबर दिसेना. पण एकशे अठरा सह्यांत रेघेवर सरळ बसलेली सही एकच आहे. तुमची. आणि पुढे अक्षर नाही असं नावही एकच. ना डा, ना उ, ना दो. तुमचे डोळे कुणी तपासलेच नाहीत. तुम्ही पहिली सही केलीत ती लोकांनी मागे यावं म्हणून, आणि पुढे कधी विचारणा झालीच तर ‘मीही फसलो’ म्हणता यावं म्हणून.”

“त्यानं काय सिद्ध होतंय?”

“अक्षरापुढे आपण सगळे टिंब देतो. या यादीत टिंब नाही, बारीक गोल आहे. तसाच गोल तुमच्या दरपत्रकावर ‘रु’पुढे आहे, आणि भिंतीकडे तोंड करून ठेवलेल्या नव्या पाटीवर ‘नं’पुढे आहे. यादी तुमच्या हातची हे तुम्ही आत्ताच कबूल केलंत, त्यामुळे तो गोल जाऊ द्या. त्या पाटीवर आणखी काय होतं, मामा?”

जीवनमामा छाती काढून पुढे आला. “गाळा नंबर एक.”

“बोरटाकळीत गाळे नाहीत,” सुकेशनी म्हणाली. “तुमचं दुकान ओसरीत आहे. गाळे आहेत ते फक्त गायरानावरच्या नव्या वसाहतीच्या नकाशात. तो नकाशा नोटिशीसोबत बाहेर लावलाय. ज्या वसाहतीविरुद्ध तुम्ही समितीत भांडताय, तिच्यातल्या पहिल्या गाळ्याची पाटी तुम्ही आधीच रंगवून ठेवलीत. तो गाळा कुणी कबूल केला, हे विचारायचं काम पोलिसांचं. मी तेवढी पाटी दाखवली.”

शिवशंकरच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला, पण मान खाली गेली नाही. “गावानं कवाच सुधरायचं न्हाई का? घरं गरिबांसाठीच हायती!”

“आसतील,” बायनाबाई म्हणाली. “मग आमाला इचारायचं व्हतं. आमी न्हाई म्हनलो असतो. ते ऐकायचं व्हतं.”

अधिकाऱ्याने पेनाचं टोपण लावलं आणि लेखनिकाला सांगितलं, “लिहा. माघारीचा अर्ज रद्द. मूळ हरकत कायम, ती गुणदोषांवर ऐकली जाईल. अर्ज कुणी दिला आणि कुणाच्या सांगण्यावरून, याची चौकशी पोलिसांकडे. ही चार पानं सीलबंद करा.” मग त्याने बोरटाकळीकडे पाहिलं. “हद्दवाढीचा निर्णय माझ्या हातात नाही, हेही सांगतो. पण तुमचं म्हणणं आता तुमचंच म्हणून वर जाईल. बाई, तुमचा जबाब झालाय. त्याच्यावर निशाणी करा.”

लेखनिकाने सवयीने शाईचं पॅड पुढे सरकवलं.

बायनाबाईने ते एका बोटाने परत सरकवलं. “पेन द्या.”

“आजी, अंगठा चालतो. पुढची दोन गावं थांबलीत.”

“आदी वाचून दाव,” ती भक्तीला म्हणाली. भक्तीने जबाब पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचला. मग बायनाबाईने चष्मा नीट केला, पेन घट्ट धरलं आणि ‘बा’चा काना ओढायला सुरुवात केली.

पुढच्या गावची माणसं दारात गोळा झाली होती. घड्याळं बघत होती. मागून कुणीतरी ओरडलं, “अहो, चला की लवकर! किती वेळ?”

जीवनमामाने दारात आडवा हात लावला. तीस वर्षांत त्याने उशिरा येणाऱ्यांवर कितीतरी वेळा घंटी मारली होती. आज त्याने मान वळवूनही पाहिलं नाही.

“थांबा,” तो म्हणाला. “बाई चढायल्यात.”